श्वासगणना आणि अदृश्य वायू : बालसंज्ञाहरणाच्या इतिहासातील एक प्रमाणविचार

१

भूल दिलेल्या बालकाचे श्वास मोजण्याची प्रथा संज्ञाहरणविद्येइतकीच जुनी आहे. छातीचे उचलणे आणि बसणे डोळ्यांना दिसते. हाताशी घड्याळ असले की मिनिटास किती श्वास चालले आहेत हे कोणासही सांगता येते. ह्या सुलभतेमुळेच श्वासांची संख्या ही श्वसन नीट चालल्याची साक्ष मानली गेली. परंतु शरीरात अखंड निर्माण होणारा कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकणे हे श्वसनाचे एक प्रधान कार्य आहे, आणि ते पुरेसे घडत आहे की नाही हे संख्येवरून कळत नाही. हा वायू रंगहीन आहे. तो साचू लागला तरी भूल देणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा थेट पत्ता लागत नाही.

दिसणारी संख्या आणि न दिसणारा वायू यांचा परस्परसंबंध वैद्यकास कसा आणि किती विलंबाने कळला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सुमारे शंभर वर्षे ज्या चिन्हावर वैद्यांनी विसंबून राहावे, ते चिन्ह अनेकदा ज्याची ग्वाही देत होते त्याच्या अगदी उलट परिस्थिती आत असावी, हा प्रकार केवळ शरीरशास्त्राच्या इतिहासातला नव्हे. तो प्रमाणशास्त्राच्याही इतिहासातला आहे. त्याची किंमत मात्र बालकांनी दिली, हे विसरता येत नाही.

विवेचनापूर्वी थोडे गणित आवश्यक आहे. प्रौढ मनुष्य स्वस्थ असता मिनिटास साधारणपणे १२ ते १६ श्वास घेतो. नवजात अर्भक ३० ते ६० घेते. वजनाच्या मानाने एका श्वासात आत येणारी हवा दोघांचीही जवळजवळ सारखीच, म्हणजे किलोग्रॅममागे सुमारे ७ घन सेंटिमीटर असते. मात्र अर्भकाच्या शरीरातील ज्वलन वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे दुप्पट असल्यामुळे त्याच्या ठायी निर्माण होणारा कार्बन डायॉक्साइडही तेवढाच अधिक असतो. तो टाकण्यासाठी अर्भकास श्वास खोल करता येत नाही. त्याच्या बरगड्या आडव्या आणि छातीचा पिंजरा मऊ असतो. म्हणून ते श्वासांची संख्या वाढविते.

आता ३ किलोग्रॅम वजनाचे अर्भक घेऊ. त्याचा एक श्वास २१ घन सेंटिमीटरांचा. त्यांपैकी सुमारे ६ घन सेंटिमीटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. ह्या भागास निष्क्रिय अवकाश म्हणतात. उरलेले १५ घन सेंटिमीटर उपयोगी. मिनिटास ४० श्वास धरले तर उपयोगी वायुवीजन ६०० घन सेंटिमीटर होते. भूल दिल्यावर श्वास उथळ होऊन १२ घन सेंटिमीटरांवर आला आणि संख्या ६० झाली असे समजा. मोजणाऱ्यास श्वसन दीडपट वाढलेले दिसेल. प्रत्यक्षात दर श्वासातील उपयोगी भाग ६ घन सेंटिमीटर उरेल आणि मिनिटाचे उपयोगी वायुवीजन ३६० वर येईल. वायूची निर्मिती तेवढीच राहिली तर रक्तातील त्याचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरांवरून सुमारे ६७ मिलिमीटरांपर्यंत चढेल. त्यात तोंडावरील मुखवट्याने निष्क्रिय अवकाशात ३ घन सेंटिमीटरांची भर घातली तर उपयोगी वायुवीजन १८० इतकेच उरेल. संख्या वाढत असता कार्य घटत जाते, हा ह्या इतिहासाचा गाभा आहे.

२

कार्बन डायॉक्साइडाशी वैद्यकाचा परिचय संज्ञाहरणाहून जुना आहे. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्याने अठराव्या शतकाच्या मध्यास हा वायू सामान्य हवेहून भिन्न असल्याचे ओळखले आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो हेही दाखविले. पुढे १८२४ मध्ये इंग्लंडमधील हेन्री हिल हिकमन ह्या तरुण शल्यवैद्याने ह्याच वायूने प्राण्यांना निश्चेष्ट करून त्यांच्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया केल्या. त्याच्या प्रयत्नांकडे कोणी लक्ष दिले नाही आणि १८३० मध्ये तो निवर्तला. तथापि त्याच्या प्रयोगांतून एक गोष्ट सूचित होते : हा वायू पुरेशा प्रमाणात साचला तर तो स्वतःच भूल आणतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील शांत बालक औषधाने शांत आहे की साचलेल्या वायूने, हा प्रश्न त्यात बीजरूपाने होता. तो विचारला जाण्यास मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लोटला.

१८४६ मध्ये ईथर आणि १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी प्रचारात आणलेला क्लोरोफॉर्म यांनी शल्यकर्माचे रूप पालटले. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळील विनलेटन येथे हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. क्लोरोफॉर्मचा हा पहिला नोंदलेला मृत्यू. ती श्वासाने गेली की हृदयाने, हा वाद तेथून सुरू झाला.

ह्या वादात सर्वांत समतोल दृष्टी जॉन स्नो यांची होती. कॉलऱ्याच्या संशोधनामुळे विख्यात झालेले हे लंडनचे वैद्य आपल्या काळातील अग्रगण्य भूलतज्ज्ञ होते. मुलांवर क्लोरोफॉर्मचा परिणाम प्रौढांपेक्षा लवकर होतो आणि लवकर ओसरतो, आणि त्याचे कारण त्यांचा जलद श्वास व जलद रक्ताभिसरण हे होय, असे त्यांनी नोंदविले. श्वसनगतीला त्यांनी येथे केवळ चिन्ह मानले नाही; औषध शरीरात किती वेगाने जाते हे ठरविणारे कारण म्हणून तिच्याकडे पाहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भुलेच्या अवस्थेत शरीरातून बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइड त्यांनी मोजला आणि तो घटतो असे त्यांना आढळले. बंद पिशवीतून श्वास घेताना उच्छ्वासातील हा वायू दाहक पोटॅशमध्ये शोषून घेण्याचे प्रयोगही त्यांनी १८५० च्या सुमारास केले. भुलेची वाफ वाया जाऊ नये, हा त्यांचा त्यातील हेतू होता. त्यांचा मुख्य ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८५८ मध्येच, प्रसिद्ध झाला. रसायनाच्या दृष्टीने भुलेकडे पाहण्याची ही परंपरा त्यांच्यामागे जवळजवळ खंडित झाली.

३

ती खंडित झाल्यावर उरले ते निरीक्षण, आणि निरीक्षणाचे दोन पंथ झाले. लंडनकडील वैद्य नाडीवर बोट ठेवीत. एडिंबरोकडील, विशेषतः जेम्स साइम यांच्या शिष्यपरंपरेतील, श्वासावर डोळा ठेवीत. ह्या वादाचा निर्णय करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न दख्खनमध्ये, हैदराबाद संस्थानात झाला. साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हे तेथे रेसिडेन्सी सर्जन होते. निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा क्लोरोफॉर्म आयोग बसला. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. कुत्री, माकडे इत्यादी शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन निष्कर्ष निघाला तो असा : क्लोरोफॉर्मखाली श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावरच लक्ष केंद्रित करावे.

हा निष्कर्ष त्याच्या निरपवाद स्वरूपात टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय आकस्मिकपणे बंद पडू शकते हे प्रयोगाने सिद्ध केले. तरीही हैदराबादच्या शिकवणीचा व्यावहारिक भाग, म्हणजे श्वासाकडे अखंड लक्ष देण्याचा आग्रह, मोलाचाच होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिची मर्यादा वेगळी आहे. तेथे ‘श्वास’ याचा अर्थ छातीची हालचाल असा होता. ती चालू आहे की बंद, एवढाच प्रश्न होता. चालू असलेला श्वास पुरेसा आहे काय, हा प्रश्न त्या प्रयोगांच्या चौकटीत मांडलेलाच नव्हता.

४

तो मांडता येण्यासाठी श्वासाचे नियमन कशाने होते हे कळणे आवश्यक होते. १९०५ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली यांनी त्याचे उत्तर दिले. वायुकोशांतील कार्बन डायॉक्साइडाचे प्रमाण अवघे ०·२ टक्क्यांनी वाढले तरी स्वस्थ मनुष्याचे वायुवीजन दुप्पट होते, असे त्यांनी दाखविले. म्हणजे हा वायू केवळ टाकाऊ पदार्थ नसून तोच श्वासाचा नियंता ठरला.

ह्या सिद्धान्ताचा संज्ञाहरणावर झालेला पहिला परिणाम मात्र विपरीत होता. अमेरिकेतील यँडेल हेंडर्सन यांनी ह्या वायूची न्यूनता हीच भुलेखालील अनेक अनर्थांचे मूळ होय असे प्रतिपादिले. पुढे शस्त्रक्रियेनंतर रोग्यास, आणि न रडणाऱ्या नवजात अर्भकासही, प्राणवायूत मिसळलेला कार्बन डायॉक्साइड हुंगविण्याचा पुरस्कार त्यांनी केला. भूल लवकर चढावी म्हणूनही तो देण्यात येऊ लागला, कारण त्याने श्वास जलद व खोल होतो. ह्या वायूची नळकांडी भुलेच्या यंत्रांवर बसविली गेली आणि कित्येक ठिकाणी ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही तशीच राहिली. ज्या बालकाच्या शरीरात तो आधीच साचलेला असे, त्याला तोच वायू औषध म्हणून मिळे.

ह्या चुकीचे मूळ हॉल्डेन यांच्या सिद्धान्तात नव्हते. तो जागृत मनुष्याविषयी होता. भुलेची द्रव्ये मेंदूतील श्वसनकेंद्रालाही बधिर करतात. वायू साचला तरी त्या केंद्राचा प्रतिसाद मंद होतो. म्हणजे वायू वाढल्याचे जे नैसर्गिक चिन्ह, तेच भुलेखाली विश्वासार्ह राहत नाही. १९५६ मध्ये प्रचारात आलेल्या हॅलोथेनने तर श्वास जलद आणि उथळ होई. श्वासगणना करणाऱ्याला बालक जोमाने श्वास घेत आहे असे वाटे. वस्तुतः त्या जलद गतीतच वायू साचत असे. भुलेच्या पायऱ्या श्वासाच्या स्वरूपावरून ओळखण्याची आर्थर गुडेल यांची पद्धती १९२० पासून सर्वत्र शिकविली जात होती. ती औषधाची खोली सांगण्यास उपयुक्त होती. वायुवीजनाची पर्याप्तता सांगण्याचा तिचा अधिकार नव्हता.

५

ह्याच काळात वायू काढून टाकण्याची साधने सिद्ध होत होती. १९२४ मध्ये राल्फ वॉटर्स यांनी सोडा-लाइमने भरलेला डबा मुखवटा व पिशवी यांच्या मध्ये बसवून उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेण्याची व्यवस्था केली. स्नो यांचा पोटॅशचा विचार पाऊणशे वर्षांनी व्यवहारात आला. पण प्रौढासाठी केलेला डबा, झडपा आणि रुंद नळ्या अर्भकास सोसत नसत. १५ घन सेंटिमीटर उपयोगी श्वास घेणाऱ्या जीवापुढे साधनातील प्रत्येक घन सेंटिमीटर महत्त्वाचा असतो.

ही अडचण न्यूकॅसल येथील फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये सोडविली. फाटलेला ओठ व फाटलेली टाळू यांच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांना अर्भकांना भूल द्यावी लागे. ते स्वतः ह्याच जन्मजात व्यंगासह जन्मले होते. त्यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक साधी धातूची नळी घेतली. तिच्या एका बाजूने ताजा वायू येई, दुसरी बाजू अर्भकाच्या श्वासनलिकेतील नळीला जोडलेली असे आणि तिसरी उघडी राही. झडप नाही, पिशवी नाही, श्वासाला अडथळा जवळजवळ नाही. ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाच्या श्वसनाच्या दुपटीहून अधिक ठेवला की उच्छ्वासातील वायू वाहून जाई आणि पुन्हा आत येत नसे. १९५० मध्ये लिव्हरपूलचे गॉर्डन जॅक्सन रीस यांनी उघड्या बाजूस शेपटीकडून मोकळी असलेली पिशवी जोडली. त्यामुळे अर्भकाचा श्वास हाताला जाणवू लागला, आणि गरज पडताच हाताने देताही येऊ लागला. १९६२ मध्ये रेंडेल-बेकर आणि सूसेक यांनी मुलांच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन तयार केलेला, आत अत्यल्प पोकळी असलेला मुखवटा याच विचाराचे पुढचे पाऊल होय.

ह्या साधनांचे निर्माते वायू मोजीत नव्हते. मापनाचे सोयीचे साधन त्यांच्याजवळ नव्हतेच. तो साचू नये अशी रचना त्यांनी केली. ज्याचे मापन शक्य नाही त्याच्या धोक्याविरुद्ध रचनेनेच सावध राहणे, ही पद्धती इतिहासात जितकी गौरवावी तितकी थोडी.

६

मापनाची अनिवार्यता सर्वांना पटली ती शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर एका साथीत. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली; रोग्यांत मुलांचा भरणा मोठा होता. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या काही आठवड्यांत श्वसनयंत्रात ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटचे प्रमाण फार वाढलेले आढळे आणि त्याचा अर्थ रक्तात अनाकलनीय क्षारता वाढली आहे असा लावला जाई. प्रमुख वैद्य लासेन यांनी सल्ल्यासाठी ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञास बोलाविले. इब्सेन यांनी तीच नोंद निराळ्या रीतीने वाचली. कार्बन डायॉक्साइड साचला म्हणजे त्याच्या भरपाईसाठी बायकार्बोनेट वाढते. रोगी क्षारतेने मरत नसून अपुऱ्या वायुवीजनाने मरत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी एका १२ वर्षांच्या मुलीवर त्यांनी हे सिद्ध केले. तिच्या गळ्यात छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसविली आणि वॉटर्स यांचा सोडा-लाइमचा डबा व पिशवी जोडून हाताने श्वास दिला. श्वास पुरेसा दिला असता तिची स्थिती सुधारे. तो कमी केला की प्राणवायू भरपूर मिळत असूनही तिला घाम सुटे आणि रक्तदाब चढे. ती वाचली. त्यानंतर सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबून रोग्यांचे श्वास चालविले. अशा रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास होते, ते साथीच्या अखेरीस शेकडा २५ च्या जवळपास उतरले.

ह्या घटनेचा आपल्या विषयाशी असलेला संबंध दुहेरी आहे. प्राणवायू भरपूर दिला की त्वचेचा रंग गुलाबी राहतो. म्हणून रंग हे कार्बन डायॉक्साइडाविषयीचे प्रमाण नव्हे, हे येथे निर्विवाद झाले. शिवाय मापन असूनही अर्थ चुकू शकतो, हेही दिसले. बायकार्बोनेटचा आकडा खराच होता. चुकला होता तो त्याचा अन्वय.

७

कोपनहेगनच्या गरजेतून पोल आस्ट्रुप यांनी रक्ताच्या आम्लतेवरून वायूचा दाब काढण्याची पद्धत विकसित केली. १९६० च्या सुमारास ती काही थेंब रक्तावर करता येऊ लागली आणि त्यामुळे अर्भकांनाही लागू पडली. अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी १९५४ मध्ये कार्बन डायॉक्साइडाचा दाब थेट मोजणाऱ्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली आणि जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ती पुढे काही वर्षांतच कार्यक्षम केली. दुसऱ्या दिशेने, हा वायू विशिष्ट अवरक्त किरण शोषून घेतो ह्या गुणधर्माच्या आधारे जर्मनीतील कार्ल लुफ्ट यांनी १९४३ मध्ये वर्णिलेले उपकरण उच्छ्वासातील वायू क्षणोक्षणी मोजण्यास उपयोगी पडले. त्यातून कॅप्नोग्राफी उदयास आली. नेदरलँड्सने १९७८ मध्ये तिला भुलेच्या नेहमीच्या निरीक्षणात स्थान दिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या नियमांनी श्वसनाचे अखंड निरीक्षण आवश्यक ठरवून उच्छ्वासाच्या अखेरच्या कार्बन डायॉक्साइडाचे मापन हे त्याचे एक साधन म्हणून मान्य केले. पडद्यावर आता दोन आकडे शेजारी दिसू लागले : श्वासांची संख्या आणि वायूचा दाब. शतकभर पहिल्याने दुसऱ्याची जागा अडविली होती. आता दोघांची तुलना शक्य झाली.

परंतु येथेच इतिहास संपला असे समजणे पुन्हा जुन्याच चुकीत पडणे होय. अर्भकाचा श्वास इतका लहान आणि जलद असतो की उपकरणास एका उच्छ्वासाचा शेवट गाठण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होतो. काही उपकरणे मिनिटास ५० ते २०० घन सेंटिमीटर हवा नमुन्यासाठी ओढून घेतात. आपल्या उदाहरणातील अर्भकाचे मिनिटाचे एकूण श्वसनच ८४० घन सेंटिमीटर आहे. एअर यांच्या नळीसारख्या रचनेत ताजा वायू नमुन्यात मिसळतो. अशा वेळी पडद्यावरील आकडा धमनीतील खऱ्या दाबापेक्षा बराच कमी दिसू शकतो. तो पाहून समाधान मानणारा भूलतज्ज्ञ, छाती हलते म्हणून समाधान मानणाऱ्या आपल्या पूर्वसूरीहून फारसा निराळा नाही. उलट, आकडा खाली आणण्याच्या अतिउत्साहात श्वास जास्त दिला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूला त्यापासून अपाय होऊ शकतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ध्यानी आले.

८

वरील आढाव्यातून श्वासगणना निरर्थक होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. श्वास थांबला हे तिने तत्काळ सांगितले आणि त्यामुळे असंख्य बालके वाचली. हैदराबादच्या शिकवणीचे श्रेय तेवढे खरे आहे. दोष शिरला तो, ‘श्वास चालू आहे’ एवढे सांगणाऱ्या चिन्हाकडून ‘श्वास पुरेसा आहे’ हेही वदवून घेतले गेले तेव्हा. चिन्हाला त्याच्या अधिकाराबाहेरचा प्रश्न विचारला गेला, आणि त्याने उत्तर दिल्यासारखे दिसले म्हणून ते मानले गेले.

साधनांची समीक्षा करताना इतिहासाचा अभ्यासक हाच प्रश्न विचारतो : हे साधन कोणत्या गोष्टीची साक्ष देऊ शकते आणि कोणत्या गोष्टीची देऊ शकत नाही? दप्तरातील महसुलाची रक्कम शेतकऱ्याची सुस्थिती सांगत नाही. ती केवळ वसुली सांगते. बालकाच्या श्वासांची संख्याही तशीच त्याचे प्रयत्न सांगते, त्या प्रयत्नांचे फळ सांगत नाही. स्नो, एअर आणि इब्सेन ह्या तिघांचे मोठेपण ह्याच जागी आहे. उपलब्ध चिन्ह समाधानकारक दिसत असतानाही त्याच्या पलीकडे काय घडत असावे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. नव्या उपकरणांच्या काळातही टेबलावरील लहानग्या जीवाचे संरक्षण त्या प्रश्नाच्या जागृतीवरच अवलंबून आहे.